बुवांचा शेवटचा शब्द तुटतोय: आधी अंतर, मग गेन, आणि सगळ्यात शेवटी गेट

राम कृष्ण हरी माऊली. तुमचा प्रश्न दोनदा वाचला. गावच्या मंदिरात सप्ताह चालू आहे, सभामंडपात सहा पंखे, मंडळाने नवीन डिजिटल मिक्सर घेतलाय जो टॅबवरून चालतो, आठ माईक लावलेत. बुवा निरूपणात हळू बोलायला लागले की वाक्याचा शेवट तुटतो, म्हणून गेट (ठरवलेल्या लेव्हलच्या खाली आवाज गेला की माईक आपोआप दाबणारी मिक्सरवरची सोय) काढून टाकलं तर पंख्यांचा घूं घूं आवाज आणि टाळांचा गोंगाट येतो, आणि ऐकू येत नाही म्हणून गेन (माईकचा आवाज मिक्सरमध्ये शिरतानाच किती वाढवायचा ते) वाढवला की शिट्टी मारते. आणि तुम्ही विचारलंय की गेटचा थ्रेशोल्ड (गेट ज्या लेव्हलला उघडतं ती रेषा) नक्की किती ठेवायचा, कारण कुठल्यातरी व्हिडिओत मायनस ३० डीबी (डेसिबल, आवाजाच्या लेव्हलचं माप) सांगितलं होतं आणि तेच लावून ठेवलंय.

सरळ सांगतो, थ्रेशोल्डचा आकडा मी तुम्हाला इथून देऊ शकत नाही आणि त्या व्हिडिओवाल्यालाही देता आला नसता. तो आकडा तुमच्या गेनवर, बुवांच्या आवाजावर, माईक तोंडापासून किती लांब आहे त्यावर आणि मंडपात शांतता असताना किती आवाज असतो त्यावर ठरतो. यातलं एक जरी बदललं तरी आकडा बदलतो. पण तो काढायचा कसा ते सांगतो, मी वीसेक वर्षं सातारा कराड भागात सप्ताहांना आणि कीर्तनांना साउंड लावतोय आणि हीच चूक मी स्वतः केलेली आहे.

एका सप्ताहात दुपारी चार वाजता निवांत साउंड चेक केला, पंखे बंद, मंडप रिकामा, पोरं नुसती सतरंज्या टाकत होती. गेट मस्त बसवलं, एकदम स्वच्छ आवाज. रात्री माणसं आली, पंखे चालू झाले, मागे जनरेटर लागला, आणि रिकाम्या मंडपापेक्षा आवाज कमी पडतोय म्हणून मी गेन खाली वर करत बसलो. कीर्तन संपल्यावर एक म्हातारे बाबा माझ्याकडे आले, रागावले नाहीत, हात जोडून म्हणाले की महाराज शेवटी काय म्हणतात ते आम्हाला कळत नव्हतं, आम्ही अंदाजाने माना हलवत होतो. ते ऐकून मला रात्रभर झोप लागली नाही. माणूस चार मैल चालत कीर्तन ऐकायला येतो आणि त्याला शब्द पोचत नसेल तर आपण लावलेले सगळे स्पीकर बॉक्स काय कामाचे.

आता हे नीट बघा, आपल्या भाषेत क्रियापद शेवटी येतं. होय की नाही ते वाक्याच्या अगदी शेवटी कळतं. "असं करावं" आणि "असं करू नये" यातला फरक त्या शेवटच्या शब्दात आहे, आणि माणसाचा आवाज नेमका तिथेच खाली जातो, त्यात कीर्तनकार मुद्दाम हळू करतात कारण तिथे लोकांना विचार करायला लावायचं असतं. म्हणजे गेट जिथे बंद होतं नेमकं तिथेच अर्थ असतो. म्हणून बुवांच्या माईकवर गेट लावताना मी इतका जपून वागतो.

गेट काय करतं ते एकदा स्पष्ट करून घेऊ कारण अर्धा घोळ इथेच आहे. गेटला बुवांचा आवाज ओळखता येत नाही, पंखाही ओळखता येत नाही. त्याला फक्त लेव्हल कळते. ठरवलेल्या रेषेच्या वर काही आलं की दार उघडतं, खाली गेलं की लावतं. आणि दार उघडं असताना बुवांच्या आवाजाबरोबर पंखा, टाळ, मागे रडणारं लेकरू सगळं आत येतं. म्हणजे बुवा बोलत असताना जो गोंगाट आहे त्यावर गेटचा काहीही उपयोग नाही, ते फक्त गप्प असतानाचा आवाज लपवतं. शिट्टीचं पण तेच, दार उघडलं की शिट्टी परत येणार.

माझ्या एका कार्यक्रमातले मीटरवरचे आकडे (सगळे डीबीत, शून्य म्हणजे सगळ्यात वरची मर्यादा) सांगतो, तुमचे वेगळे असतील पण गणित कळेल. बुवा स्टँडवरच्या माईकपासून साधारण ४० सेंटीमीटर लांब उभे होते. गजराला पूर्ण आवाज लावला की चॅनलचा मीटर मायनस १० पर्यंत जायचा, निरूपणात हळू बोलले की मायनस ३४, आणि बुवा गप्प असताना नुसते पंखे मायनस ५० वर. आणि मागे टाळकरी वाजवायला लागले की त्याच माईकवर टाळ मायनस २५ ला यायचे. आता या ठिकाणी मायनस ३० चं गेट लावून बघा. बुवांचं हळू बोलणं पूर्णच्या पूर्ण रेषेच्या खाली आहे, म्हणजे तुटणारच. आणि टाळ रेषेच्या वर आहेत, म्हणजे ज्याला अडवायचंय तो बिनधास्त आत येतोय आणि ज्याला आत घ्यायचंय तो बाहेर. तुमच्याकडे माझ्या अंदाजाने हेच होतंय.

मग करायचं काय. सगळ्यात आधी अंतर. मोकळ्या जागेत अंतर निम्मं केलं की आवाज ६ डीबीने वाढतो. ४० चे २० केले तर ६, २० चे १० केले तर अजून ६, म्हणजे एकूण १२ डीबी. आता हे १२ डीबी मिळाले की गेन १२ डीबीने खाली घ्या. बुवांचा आवाज मीटरवर आहे तिथेच राहील पण पंखे मायनस ५० वरून मायनस ६२ ला जातील, टाळ मायनस २५ वरून ३७ ला जातील, आणि शिट्टीला पण तेवढीच जागा मिळेल. हळू बोलणं आणि पंखा यातलं अंतर १६ चं २८ झालं, कुठलंही गेट न लावता, आणि ते बुवा बोलत असताना सुद्धा मिळतं. एवढा फायदा गेटने कधीच होत नाही. मंडपात भिंतींवरून आवाज फिरतो त्यामुळे हिशोब काट्यावर जुळणार नाही पण जवळपास असाच येतो.

बुवांना कसं सांगायचं हा प्रश्न असतोच, मोठे कीर्तनकार असतात, आपण त्यांना माईक जवळ घ्या म्हणून आज्ञा करू शकत नाही. मी कीर्तनाच्या आधी पाया पडायला जातो तेव्हाच विनंती करतो, महाराज माईक एक वीतभर अंतराच्या आत राहिला तर मागच्या माऊलींना पण शब्द पोचेल. आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही. जे खूप फिरतात, नाचतात, ज्यांच्या हातात टाळ असतात त्यांच्यासाठी तोंडापाशी येणारा हेडसेट बरा. छातीवर लावायचा कॉलर माईक मी कीर्तनाला वापरत नाही, तो तोंडापासून वीतभर खाली असतो आणि मागचे टाळ बुवांच्या आवाजाच्या बरोबरीने घेतो. आणि हातातला माईक असेल तर जाळी मुठीत धरू नका हे पण नम्रपणे सांगा, जाळी झाकली की माईकची एका बाजूने ऐकायची ताकद जाते, तो सगळीकडून ऐकायला लागतो आणि लगेच शिट्टी मारतो.

वायरलेस असेल तर एक गोष्ट बहुतेक जण विसरतात. कमरेला लावायच्या ट्रान्समीटरवर स्वतःचा वेगळा गेन असतो. तो जास्त असेल तर आवाज तिथेच फाटतो आणि मिक्सरचा मीटर मात्र हिरवा दाखवत राहतो. मग माणूस मिक्सरवर शोधत बसतो. आधी ट्रान्समीटर, मग रिसीव्हरचा आउटपुट, मग मिक्सरचा गेन, याच क्रमाने जा.

आता मिक्सरचा गेन. फेडर (चॅनलचा आवाज वरखाली करायची सरकपट्टी) शून्याच्या खुणेवर ठेवा, गेन पूर्ण खाली, बुवा नसतील तर तशाच खड्या आवाजाचा एखादा गायक माईकसमोर उभा करा, ज्या अंतरावर बुवा असणार त्याच अंतरावर. त्याला "हॅलो हॅलो" म्हणू देऊ नका. त्याला गजर करायला सांगा, विठ्ठल विठ्ठल, पूर्ण ताकदीने. मीटरचा सगळ्यात वरचा टोक मायनस १५ च्या आसपास येईपर्यंत गेन वाढवा आणि थांबा. मायनस १५ का, तर साउंड चेकला कुणीच पूर्ण आवाज लावत नाही, रात्री हजार माणसं समोर असली आणि पखवाज चढला की तोच माणूस सहज ६ डीबी जास्त देतो, म्हणजे मायनस ९, आणि वर थोडी मोकळी जागा राहते. डिजिटलमध्ये शून्याच्या वर काही नसतं, तिथे आवाज फाटला की फाटला. जुन्या ॲनालॉग मिक्सरवर शून्याच्या वर बरीच जागा असायची, म्हणून आपल्यातल्या जुन्या ऑपरेटरना लाल दिव्यापर्यंत चढवायची सवय आहे, ती इथे सोडायला लागते.

हळू बोलताना मीटर खूप खाली दिसेल, मायनस ३५ वगैरे, घाबरू नका. तिथे गेनला हात लावायचा नाही, फेडर वर घ्यायचा. हा फरक महत्त्वाचा आहे कारण गेन बदलला की त्याच्या मागचं सगळं बदलतं, गेटची रेषा, कॉम्प्रेसर (मोठा आवाज आपोआप दाबणारा), बुवांचा मॉनिटर (त्यांना स्वतःचा आवाज ऐकायला त्यांच्याकडे तोंड करून ठेवलेला स्पीकर), पखवाजवाल्याचा मॉनिटर, यूट्यूबला जाणारी लाइन असेल तर ती पण. मी ६ डीबी गेन वाढवला तर पंखे पण ६ डीबी वर गेटच्या रेषेकडे सरकले, म्हणजे काल बरोबर बसलेलं गेट आज चुकीचं झालं. त्या रात्री माझ्याकडून हेच झालं होतं. गेन एकदा बसवला की कीर्तन संपेपर्यंत तो कुलूपबंद समजा.

आणि शिट्टीबद्दल एक गैरसमज आहे तो काढून टाका. गेन कमी केला म्हणून शिट्टी थांबते असं आपण म्हणतो पण खरं म्हणजे एकूण आवाज कमी झाला म्हणून थांबते. गेन ६ खाली आणि फेडर ६ वर केला तर स्पीकरमधून तेवढाच आवाज येणार आणि शिट्टी पण तिथेच मारणार. शिट्टीवर उपाय म्हणजे अंतर, बॉक्स माईकच्या पुढे ठेवणं, मॉनिटर माईकच्या बरोबर पाठीमागच्या दिशेला ठेवणं (एसएम५८ सारख्या साध्या कार्डिओइडला, म्हणजे समोरून जास्त आणि मागून सगळ्यात कमी ऐकणाऱ्या माईकला, बरोबर मागे, त्याहून अरुंद ऐकणारा सुपरकार्डिओइड असेल तर मागे पण थोडा बाजूला), आणि चालू माईकची संख्या कमी करणं.

या शेवटच्या गोष्टीकडे तुमच्याकडे कुणी बघितलेलं दिसत नाही. आठ माईक सारख्या लेव्हलला उघडे ठेवले तर एकाच माईकच्या मानाने शिट्टीच्या आधी मिळणारा आवाज साधारण ९ डीबीने कमी होतो, माईक दुप्पट केले की ३ डीबी जातात असा तो हिशोब आहे. तुम्ही दोन माईक टाळकऱ्यांना लावलेत. माऊली, टाळांना माईक कशाला. पंचवीस जोड टाळ त्या मंडपात असेच कानठळ्या बसवतात. ते दोन काढा. चाल म्हणणाऱ्या गायकांचे दोन माईक निरूपण सुरू झालं की म्यूट करा, पेटीचा खाली घ्या, पखवाजाचे पण थोडे खाली. डिजिटल मिक्सरवर म्यूट ग्रुप असतो, हे सगळे एका बटणावर घ्या. निरूपण तासभर चालतं, त्यात पंधरा वीस मिनिटांनी एखादं प्रमाण म्हटलं जातं तेव्हा परत उघडायचे. त्यासाठी ऑपरेटरला कीर्तन ऐकावं लागतं, मोबाइल बघत बसून चालत नाही. बुवा प्रमाण उचलायच्या आधी गायकांकडे बघतात, ती नजर पकडायला शिका, दोन दिवसात अंदाज येतो. माझ्या मते कीर्तनातलं सगळ्यात चांगलं गेट म्हणजे ऑपरेटरचं बोट.

काही मिक्सरमध्ये ऑटोमिक्स असतं, डॅन डुगन नावाच्या अमेरिकन साउंडवाल्याने १९७० च्या दशकात ही पद्धत काढली, जो बोलतोय त्याला जास्त वाटा आणि बाकीच्यांचा आपोआप कमी. ग्रामसभेला, व्याख्यानाला, टेबलावर पाच माईक असतील तर अप्रतिम काम करतं. कीर्तनाला लावू नका, तिथे सगळे एकत्र गातात.

एवढं झालं की लो कट (खालचे घुमणारे आवाज कापणारा फिल्टर). बुवांच्या चॅनलवर १०० ते १२० हर्ट्झला लावा, माईक अगदी जवळ असेल तर जवळीकीमुळे बेस फुगतो तेव्हा १५० पर्यंत गेलं तरी चालेल. पंख्याची घरघर, स्टेजवर पाय आपटल्याचा धप्प आवाज, पखवाजाच्या धुमेचा (खर्जाच्या बाजूचा) खालचा भाग बराचसा इथेच जातो. मग बऱ्याचदा गेटची गरजच उरत नाही. मी निम्म्याहून जास्त कीर्तनांना बुवांच्या माईकवर गेट लावतच नाही.

तरी लावायचंच असेल तर असं लावा. पंखे चालू, जनरेटर चालू, म्हणजे रात्री जी परिस्थिती असेल ती. आधी रेंज (गेट बंद झालं की आवाज किती दाबायचा ते) बघा, तुमच्याकडे ती पूर्ण असणार, म्हणजे दार बंद झालं की आवाज पार शून्य. ती ८ ते १० डीबी करा. आता गेट चुकून बंद झालं तरी शब्द हळू होईल पण गायब होणार नाही, आणि पंख्याचा आवाज एकदम येतो जातो असं कानाला खटकणार नाही. माझ्या मते हा एक बदल तुमचा निम्मा त्रास आजच कमी करेल, आणि बिचारा हा कंट्रोल सगळ्यात दुर्लक्षित आहे. मग अटॅक (गेट उघडायला लागणारा वेळ) २ मिलिसेकंदच्या आसपास, जास्त ठेवला तर प, ट, क अशा अक्षरांनी सुरू होणारे शब्द अर्धे येतात, अगदी शून्य केला तर टक् असा आवाज येऊ शकतो. होल्ड (आवाज खाली गेल्यावरही गेट किती वेळ उघडं राहतं ते) ३०० मिलिसेकंद, रिलीज (मग हळूहळू बंद व्हायला लागणारा वेळ) ५००. हे आकडे ड्रमवाल्यांच्या मानाने खूप मोठे आहेत पण आपल्याला तो खाली जाणारा "नाही" पूर्ण पोचवायचाय.

थ्रेशोल्ड शेवटी. एकदम खाली न्या म्हणजे गेट सतत उघडं. माईकसमोर कुणी बोलत नसताना हळूहळू वर आणा, पंख्याच्या आवाजावर गेट बंद झालं की तिथून अजून ५ ६ डीबी वर जा. आता एखाद्याला बुवांच्या जागी उभं करून अगदी हळू, कुजबुजल्यासारखं बोलायला सांगा आणि स्वतः मंडपाच्या शेवटच्या खांबापाशी जाऊन उभे रहा, टॅब हातात आहे त्याचा हा फायदा. एक जरी शब्द तुटला तर थ्रेशोल्ड खाली. हळू आवाज आणि पंखा यात १५ डीबीचा तरी फरक राहत नसेल तर गेट बसणार नाही, परत अंतराकडे जा. टाळांमुळे गेट उघडत असेल तर गेटच्या पानावर 'की फिल्टर' (गेटने कुठल्या पट्ट्यातला आवाज ऐकून उघडायचं ते ठरवणारा) असतो, तो बोलण्याच्या पट्ट्यावर, साधारण ५०० हर्ट्झच्या आसपास ठेवा, टाळांचा जोर त्याच्या खूप वर असतो त्यामुळे गेटला ते कमी ऐकू येतात. पूर्ण थांबत नाहीत पण फरक पडतो. आणि कॉम्प्रेसर लावला असेल तर त्याचा मेकअप गेन (दाबलेला आवाज परत वर उचलणारा कंट्रोल) बघा, तिथे ८ १० डीबी चढवले असतील तर गेटने खाली दाबलेले पंखे तुम्हीच परत वर आणताय.

पखवाजाच्या धुमेच्या माईकवर मात्र मी थोडं गेट ठेवतो कारण निरूपणात ती बाजू खालच्या बॉक्सच्या आवाजाने नुसती घुमत राहते. तिथे पण रेंज १० च, नाहीतर हलका हात मारला की जातो. पेटीला अजिबात नाही, शेवटचा सूर विरतो तो ऐकायचा असतो.

अजून एक. तुम्ही लिहिलंय की सगळे माईक बंद केले तरी बारीक हूं येतो. तो पंखा नाही, ती अर्थिंगची किंवा वायरिंगची भानगड आहे आणि तिच्यावर गेट लावून ती जाणार नाही, फक्त झाकली जाईल. मिक्सर आणि अँप एकाच बोर्डवरून घ्या, बॅलन्स्ड वायर वापरा, लॅपटॉप किंवा मोबाइलचा चार्जर काढून बघा. काही जण यावर उपाय म्हणून प्लगची अर्थिंगची पिन तोडतात, ते कृपा करून कधीच करू नका, लोखंडी मांडव, ओली जमीन आणि बुवांच्या हातात धातूचा माईक असतो, त्यात माणूस जाऊ शकतो. डीआय बॉक्सवर (लॅपटॉप किंवा वाद्याची लाइन मिक्सरला जोडायच्या डबीवर) ग्राउंड लिफ्टचं, म्हणजे सिग्नलच्या वायरचं अर्थ तोडायचं, बटण असतं ते वापरा.

क्रम परत सांगतो, टॅबवर चिकटवून ठेवा: अंतर, जादा माईक बंद, गेन गजरावर, लो कट, आणि मग लागलंच तर गेट कमी रेंजचं.

आज संध्याकाळी पंखे चालू करून बुवांच्या चॅनलवरचे तीन आकडे लिहून घ्या, कुणी बोलत नसताना, हळू बोलताना आणि गजराला, आणि टाळ वाजताना त्याच माईकवर किती येतं तो चौथा. माईक कुठला आहे आणि बुवा किती लांब उभे राहतात ते पण इथेच टाका. तोपर्यंत आजच्या कीर्तनाला रेंज १० करून ठेवा आणि टाळांचे दोन्ही माईक काढून घ्या. काल्याला अजून चार दिवस आहेत, तेवढ्यात बसतं हे.